एचआयव्हीचा रिपोर्ट निगेटिव्ह आला, म्हणजे झालं का?

अबोली२३

नमस्कार. इथे बरेच दिवस वाचनमात्र होते, हा पहिलाच धागा. विषय खाजगी आहे म्हणून नवीन आयडी घेऊन लिहितेय, समजून घ्या.

मी २३ वर्षांची, तो २५ चा. वर्ष होत आलं एकत्र आहोत. आमच्यात अजून शरीरसंबंध आलेले नाहीत. आता दोघांनाही हवे आहेत आणि त्याबद्दल आमचं मोकळेपणाने बोलणंही झालंय. त्याचं आधी एक नातं होतं, दोनेक वर्षं चाललेलं. माझंही कॉलेजात असताना एक होतं. हे दोघांनी एकमेकांना सांगितलेलं आहे.

मी त्याला म्हटलं, सुरुवात करण्याआधी दोघांनी तपासून घेऊ. त्याने लगेच व्हॉट्सॲपवर एका रिपोर्टचा फोटो पाठवला. मागे त्याच्या गुडघ्याचं छोटं ऑपरेशन झालं होतं, त्याआधी रक्त तपासलं होतं, तो हा रिपोर्ट. त्यात कामाच्या दोनच ओळी आहेत. एचआयव्ही १ आणि २, नॉन-रिॲक्टिव्ह. एचबीएसएजी म्हणजे हिपॅटायटिस बी, निगेटिव्ह. खाली त्याने लिहिलंय, "बघ, सगळं क्लिअर."

एवढं पुरेसं आहे का? दोघांनाही कसलाच त्रास नाही, ना खाज, ना जळजळ, ना कुठे पुरळ. मग आणखी तपासण्या करायच्या असतील तर कशाच्या? डॉक्टरांसमोर बसल्यावर नेमकं काय मागायचं तेच मला माहीत नाही. मैत्रीण म्हणते, गोळ्या सुरू कर म्हणजे कंडोमची कटकट नको. गोळ्यांनी दिवस राहणार नाहीत हे कळतं, पण संसर्गाचं काय? आणि मुखमैथुनात धोका असतो की नाही, याबद्दल जिथे वाचावं तिथे वेगळंच लिहिलेलं असतं.

सगळ्यात अवघड प्रश्न शेवटी. रिपोर्ट पाठवल्यावरही मी पुन्हा हा विषय काढला, तर त्याला वाटेल माझा त्याच्यावर विश्वास नाही. कसं बोलू?


स्पष्टवक्ता

कंडोम वापरा, विषय संपला. आधीच्या नात्यांबद्दल एकमेकांना खरं सांगितलंय, दोघांनाही त्रास काही नाही. रिपोर्टांच्या मागे लागून चांगल्या नात्यात मिठाचा खडा कशाला टाकताय?


सदाफुली

अबोली, प्रश्न फार नीट मांडलायस. मी लैंगिक आरोग्य केंद्रात समुपदेशक आहे आणि माझ्यासमोर बसणाऱ्यांत पंचविशीच्या आतली मुलंमुलीच जास्त असतात. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

आधी तो फोटो. ऑपरेशनच्या आधी रक्तातून पसरणाऱ्या एक-दोन विषाणूंची तपासणी करतात. शरीरसंबंधातून होणारे सगळे संसर्ग शोधणं हा त्यामागचा हेतूच नसतो. त्यामुळे त्यात क्लॅमिडिया हा जिवाणूंचा संसर्ग नाही, गनोरिया म्हणजे परमा नाही, सिफिलिस म्हणजे गरमी नाही. त्याने तुला खोटं काहीच सांगितलेलं नाही. पण "सगळं क्लिअर" असं त्या कागदावर लिहिलेलं नाही. त्या तारखेला घेतलेल्या रक्तात या दोन गोष्टी सापडल्या नाहीत, इतकंच लिहिलंय. कुठलाही रिपोर्ट हातात आला की मी तीन गोष्टी बघते: कशाची तपासणी केली, शरीराच्या कुठल्या जागेचा नमुना घेतला आणि शेवटच्या संबंधानंतर किती दिवसांनी घेतला. यातली एक जरी माहीत नसेल तरी "निगेटिव्ह"वरून मी कुणाला निश्चिंत करत नाही.

आता "त्रास काही नाही" हे. माझ्या टेबलासमोरचं बोलणं बहुतेक वेळा याच वाक्याने सुरू होतं. क्लॅमिडिया झालेल्या बहुसंख्य मुलींना काहीच जाणवत नाही, मुलग्यांतही निम्म्यांच्या आसपास लक्षणं नसतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०२० या एकाच वर्षात क्लॅमिडिया, गनोरिया, सिफिलिस आणि ट्रायकोमोनास या चार संसर्गांची मिळून ३७ कोटी ४० लाख नवी प्रकरणं झाली, १५ ते ४९ या वयोगटात. दिवसाला दहा लाखांच्या वर. आणि हे चारही औषधाने पूर्ण बरे होणारे आहेत. यातल्या प्रत्येकाला पहिल्या आठवड्यात जळजळ झाली असती तर तो डॉक्टरकडे गेला असता आणि साखळी तिथेच तुटली असती. ती तुटत नाही, कारण ज्याला संसर्ग आहे त्यालाच तो ठाऊक नसतो.

मुलींच्या बाबतीत हे जास्त महत्त्वाचं आहे, म्हणून थोडं खोलात सांगते. कमी वयात गर्भाशयाच्या मुखाच्या बाहेरच्या भागावर एक नाजूक, एकपदरी पेशींचा थर असतो. वय वाढतं तसा तिथे जाड थर येत जातो. त्या नाजूक पेशींना क्लॅमिडिया आणि गनोरियाचे जंतू लवकर चिकटतात. तिथून ते वर चढले की गर्भनलिकांना सूज येते. सूज उतरते, पण आत व्रण राहतो आणि नलिका अरुंद होते. बाईला वर्षानुवर्षं पत्ता नसतो. मग मूल हवं असतं तेव्हा दिवस राहत नाहीत, किंवा गर्भ नलिकेतच रुजतो आणि ते जिवावर बेतू शकतं. क्लॅमिडियाचा उपचार मात्र बहुतेक वेळा आठवडाभराच्या गोळ्या, बस. एवढ्या साध्या उपचाराने टळणारी गोष्ट केवळ कुणी तपासलं नाही म्हणून इतकी पुढे जाते, याचा मला अजूनही त्रास होतो.

सिफिलिसचं वेगळंच. पहिला फोड दुखत नाही. योनीच्या आत, गुदद्वाराशी किंवा तोंडात आला तर दिसतही नाही. तीन ते सहा आठवड्यांत तो आपोआप भरून येतो आणि माणूस म्हणतो, बरं झालं. जंतू रक्तात तसाच असतो. पुढे अंगावर पुरळ येतं, तळहात आणि तळपायांवरसुद्धा, तेही जातं. काही वर्षांनी तो मेंदूत, डोळ्यांत, हृदयाच्या मोठ्या रक्तवाहिनीत जाऊन बसू शकतो. गरोदरपणात बाळाला जातो. या आजारावर १९४३ पासून पेनिसिलिन वापरलं जातंय आणि आजही तेच इंजेक्शन चालतं. फक्त रक्त तपासून आधी कळायला हवं.

तेव्हा डॉक्टरांना सरळ सांग: "आम्ही नवीन नातं सुरू करतोय, आधी दोघांचेही संबंध आलेले आहेत, दोघांची लैंगिक संसर्गांची पूर्ण तपासणी करायची आहे." एचआयव्ही, सिफिलिस आणि हिपॅटायटिस बी साठी रक्त. क्लॅमिडिया आणि गनोरियासाठी नॅट, म्हणजे नमुन्यात जंतूचा जनुकीय अंश शोधणारी तपासणी, तुझा योनीतला स्वॅब आणि त्याची लघवी. हिपॅटायटिस बी ची लस झालेली नसेल तर ती दोघांनीही घ्यायची.

तारखांचं म्हणशील तर क्लॅमिडिया-गनोरिया संबंधानंतर साधारण दोन आठवड्यांनी खात्रीने दिसतो. एचआयव्हीची प्रयोगशाळेतली आजची चौथ्या पिढीची तपासणी ४५ दिवसांनंतर भरवशाची, बोटातून थेंब घेऊन करतात त्या झटपट तपासणीला ९० दिवस धरायचे. सिफिलिसलाही तीन महिने. तुम्हा दोघांची आधीची नाती संपून यापेक्षा जास्त काळ लोटला असेल, तर तुम्हाला थांबायची गरज नाही, उद्या गेलात तरी चालेल.

गर्भनिरोधक गोळी संसर्गापासून काडीचंही संरक्षण देत नाही. तांबीही नाही, इमर्जन्सी गोळीही नाही. मैत्रिणीलाही सांग.

स्पष्टवक्ता, तुमच्या पहिल्या दोन शब्दांशी मी पूर्ण सहमत आहे. "विषय संपला" याच्याशी नाही. त्यावर संध्याकाळी लिहिते, आता बाहेर लोक थांबलेत.


अबोली२३

सदाफुली ताई, खूप खूप आभार. हे मला आजवर कुणीच असं सांगितलं नव्हतं. स्वॅब म्हणजे डॉक्टरांनी आत तपासायचं का? मला त्याचीच धास्ती आहे.


काचपट्टी

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे, त्यामुळे स्वॅबबद्दल मी सांगतो. धास्ती घेऊ नका. योनीतला स्वॅब स्वतःचा स्वतः घेता येतो. कापसाचा बोळा लावलेल्या काडीसारखा असतो तो. हात धुवायचे, काडी दोनेक इंच आत घालायची, अर्धा मिनिटभर हलकेच गोल फिरवायची, बाहेर काढून दिलेल्या नळीत टाकायची, खूण आहे तिथे काडी मोडायची आणि झाकण लावायचं. दुखत नाही. बायकांनी स्वतः घेतलेला हा नमुना डॉक्टरांनी घेतलेल्याइतकाच चांगला असतो, आणि क्लॅमिडियासाठी बायकांच्या लघवीपेक्षा जास्त भरवशाचा. पाळी सुरू असेल तर आधी लॅबला विचारून घ्या.

पुरुषांच्या लघवीबाबत जे रोज बिनसतं ते सांगतो. नेहमीच्या लघवी तपासणीला आम्ही "सुरुवातीची सोडून मधली द्या" म्हणतो. लोकांच्या डोक्यात तेच पक्कं बसलेलं असतं. क्लॅमिडिया-गनोरियासाठी नेमकं उलट. धार सुरू होतानाची पहिली लघवी हवी, साधारण २० ते ३० मिलीलीटर, बाटलीत खूण असेल तितकीच. कारण जंतू मूत्रमार्गाच्या आतल्या पेशींत असतात आणि पहिली धार त्यांना धुऊन आणते. मधली लघवी दिली तर संसर्ग असूनही निगेटिव्ह येऊ शकतो. बाटली काठोकाठ भरली तर नमुना पातळ होतो. आणि त्याआधी निदान एक तास लघवीला गेलेलं नसावं. सकाळचीच पाहिजे असं काही नाही.

अजून एक. आधीच्या काही दिवसांत कुठल्याही कारणाने अँटिबायोटिक घेतलं असेल तर नमुना देतानाच सांगा. आणि "एसटीडी पॅनेल", म्हणजे लैंगिक संसर्गांच्या तपासण्यांचा संच, असं छापलेलं दिसलं म्हणून त्यात सगळं आहे असं समजू नका. प्रत्येक ठिकाणच्या पॅनेलमध्ये वेगळं असतं. आत काय काय आहे त्याची यादी मागा. काही ठिकाणी क्लॅमिडियाची रक्तातली अँटिबॉडी तपासणी पॅनेलमध्ये घालतात. तिच्यावरून आत्ता संसर्ग आहे की नाही ते कळत नाही, नॅटच मागा.


वाटसरू_

काचपट्टी यांच्या मुद्द्याला जोडून. मी समलिंगी आहे, सत्तावीस वर्षांचा, नियमित तपासणी करतो. मुलग्यांचे मुलग्यांशी संबंध असतात तेव्हा नुसत्या लघवीवर भागत नाही. घशाचा आणि गुदद्वाराचा स्वॅब वेगळा द्यावा लागतो, कारण संसर्ग जिथे झाला तिथेच तो सापडतो. घशातल्या गनोरियाला बहुतेकदा काहीच लक्षण नसतं, लघवी स्वच्छ येते आणि तो मुखमैथुनातून पुढे जात राहतो. अबोली, तुमच्या मुखमैथुनाच्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. एचआयव्हीचा धोका तिथे अगदी कमी, पण गनोरिया, सिफिलिस आणि फोड आणणारा हर्पिस विषाणू आरामात जातात. कंडोम किंवा स्त्रीसाठी लॅटेक्सचा पातळ पडदा, डेंटल डॅम म्हणतात तो, वापरता येतो.

आणि इथे वाचणाऱ्या कुणाला माहीत नसेल तर: कंडोम फाटला, किंवा जबरदस्ती झाली, आणि एचआयव्हीची शंका असेल, तर ७२ तासांच्या आत पेप नावाची औषधं सुरू करता येतात, २८ दिवस घ्यायची. ७२ तास ही शेवटची हद्द आहे, तेवढी वाट बघायची नाही. जितक्या लवकर तितकं चांगलं, रात्री-अपरात्री असलं तरी मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जायचं. ज्यांना धोका वारंवार असतो त्यांच्यासाठी प्रेप नावाची प्रतिबंधक औषधं आहेत, ती आधीपासून घ्यायची. माझ्या एका मित्राला पेपबद्दल कळलं तोवर आठवडा उलटला होता, म्हणून मी जिथे संधी मिळेल तिथे हे लिहितो.

एचआयव्ही असलेली व्यक्ती नियमित औषधं घेत असेल आणि रक्तातलं विषाणूंचं प्रमाण मोजता येणार नाही इतकं खाली राहिलं असेल, तर शरीरसंबंधातून तिच्याकडून जोडीदाराला लागण होत नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पार्टनर-२ या अभ्यासात अशी शेकडो पुरुष जोडपी कंडोमशिवाय संबंध ठेवत होती. एकाही जोडीत एकाकडून दुसऱ्याला लागण झाली नाही. तेव्हा भीती घालायची असेल तर अज्ञानाची घाला, त्या माणसांची नको.


स्पष्टवक्ता

बरीच नवीन माहिती मिळाली, धन्यवाद सगळ्यांना. पण मग प्रामाणिक प्रश्न. कंडोम नीट वापरला तरी जर हे सगळं होऊ शकतं, तर त्याचा उपयोग काय? तरुणांना हे वाचून कंडोमवरचा विश्वास उडेल.


सदाफुली

चांगला प्रश्न विचारलात आणि तो बऱ्याच जणांच्या मनात असणार.

कंडोमचं काम सगळ्या संसर्गांवर सारखं नसतं. एचआयव्ही, गनोरिया, क्लॅमिडिया हे वीर्यातून, योनीतल्या स्रावांतून, आतल्या ओल्या त्वचेतून जातात. तिथे कंडोम उत्तम काम करतो. हर्पिस, एचपीव्ही (चामखिळी आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण ठरणारा विषाणू) आणि सिफिलिस हे त्वचेला त्वचा लागून होतात. कंडोमने झाकलेल्या भागापुरता बचाव होतो, पण जांघेत किंवा वृषणावर फोड असेल तर तिथे तो पोचत नाही. हर्पिस तर फोड नसतानाही पसरू शकतो. म्हणजे धोका कमी होतो, शून्य होत नाही. उरलेला भाग लस आणि तपासणी यांनी भरून काढायचा. या तिन्ही गोष्टी एकमेकींच्या जोडीला आहेत, एक असली की दुसरी नको असं नाही.

आणि विश्वास उडतो तो माहितीमुळे नाही, फाटलेल्या कंडोममुळे. तो का फाटतो, हे मी केंद्रात लाकडी नमुन्यावर करून दाखवते तेव्हा लोकांना कळतं. पाकीट दातांनी किंवा कात्रीने फोडलेलं असतं. टोकाची हवा काढलेली नसते. टोक चिमटीत धरून मग उलगडायचा, म्हणजे वीर्यासाठी जागा राहते. उलटा लावला गेला तर तोच काढून सुलटा करून लावायचा नाही, टाकून नवीन घ्यायचा, कारण टोकाला आधीच स्राव लागलेला असतो. पैशाच्या पाकिटात, गाडीच्या डिकीत महिनोन् महिने ठेवलेला कंडोम उष्णतेने आणि घासून कमकुवत झालेला असतो. कुठलंही तेल, व्हॅसलीन, बॉडी लोशन लॅटेक्सला लागलं की काही मिनिटांतच ते कमजोर पडायला लागतं. कोरडेपणा असेल तर पाण्याच्या किंवा सिलिकॉनच्या आधाराचं वंगण घ्यायचं. एकावर एक दोन घातले की दुप्पट सुरक्षा असं पुष्कळ मुलांना वाटतं. प्रत्यक्षात दोन थर एकमेकांवर घासून फाटतात.

पण सगळ्यात जास्त वेळा जे घडतं ते यातलं काहीच नाही. कंडोम उशिरा घातला जातो. "शेवटी शेवटी लावला" हे मी इतक्यांदा ऐकलंय. संसर्गाला शेवटाची गरज नसते, पहिल्या स्पर्शापासून हवा. बाहेर येतानाही लिंग ताठ असतानाच, मुळाशी कडा धरून. ज्यांना लॅटेक्सची ॲलर्जी आहे त्यांच्यासाठी पॉलियुरेथेनचे मिळतात. आतून घालायचा, स्त्रीच्या हातात असलेला कंडोमही असतो, तो फार कमी जणींना माहीत आहे.

नंतर आतून साबणाने, अँटिसेप्टिकने धुणाऱ्या मुली येतात. त्याने संसर्ग टळत नाही, उलट योनीतले उपयोगी जंतू मरतात आणि बाहेरच्या जंतूंना वाट मोकळी होते. कृपा करून करू नका.

आता अबोली, तुझा शेवटचा प्रश्न. मुद्दाम मागे ठेवला, कारण तोच मला सगळ्यात जास्त महत्त्वाचा वाटतो.

विश्वास माणसावर असतो. त्याच्या शरीरात काय आहे हे त्याला स्वतःलाच ठाऊक नसेल, तर त्याच्या खरेपणाचा आणि रिपोर्टचा संबंध येतच नाही. हे तू त्याला असंच सांगू शकतेस. "तू तपासून ये" म्हणू नकोस, "आपण दोघं जाऊ" म्हण, आणि खरंच दोघं जा. तुझाही कॉलेजातला भूतकाळ आहेच, तुझीही तपासणी झालेली नाही. सुरुवात तिथूनच कर: "माझी ही तपासणी कधी झालेलीच नाही, मला करायची आहे, तू सोबत येशील का? तुझीही करून घेऊ." त्याने पाठवलेल्या फोटोबद्दल आभार मान, ते त्याने मनापासून केलंय. मग त्यात काय नाही ते दाखव. हवं तर हा धागाच त्याला वाचायला दे.

वेळही नीट निवड. एकांतात, कपडे उतरवण्याच्या बेतात असताना हे बोलणं काढू नकोस. तेव्हा "नाही" म्हणणं दोघांनाही जड जातं. फिरताना, जेवताना, दोघांचं डोकं शांत असताना.

तो चिडला तर? एकदा चिडणं मी समजू शकते, त्यालाही भीती वाटत असेल. रिपोर्टमध्ये काही निघालं तर तू सोडून जाशील का, ही भीती मुलग्यांत खूप असते आणि ती ते रागाने बोलून दाखवतात. म्हणून आधीच ठरवा की काही निघालं तर काय करायचं. क्लॅमिडिया, गनोरिया, सिफिलिस, तिन्ही बरे होतात. दोघांनी एकाच वेळी उपचार घ्यायचा, नाहीतर एक बरा होतो आणि दुसऱ्याकडून परत होतो. उपचार संपून सात दिवस होईपर्यंत संबंध नाहीत. क्लॅमिडिया किंवा गनोरिया निघाला असेल तर तीन महिन्यांनी परत तपासणी. मित्राच्या उरलेल्या गोळ्या चालत नाहीत, गनोरियाने तर पेनिसिलिनपासून सिप्रोफ्लॉक्सासिनपर्यंत एकेक औषध निकामी करून टाकलंय. हर्पिस निघाला तर विषाणू शरीरात राहतो, पण औषधांनी त्याचे हल्ले आणि पसरणं कमी होतं, आणि माणसं सुखाने संसार करतात. कुणामुळे झालं हे शोधत बसू नका. लक्षणांशिवाय काही संसर्ग महिनोन् महिने राहतात, त्यामुळे रिपोर्टवरून कुणाची फसवणूक सिद्ध होत नाही.

पण समजावून सांगूनही तो तपासणीला तयार नसेल आणि कंडोमलाही नको म्हणत असेल, तर थांबायचं. हो म्हटलेलं असलं तरी थांबता येतं, कुठल्याही क्षणी. आणि तुझ्या नकळत कंडोम काढून टाकणं ही निष्काळजी नव्हे, तो तुझ्या संमतीचा भंग आहे. तुझ्या मित्राबद्दल मी असं म्हणत नाही, त्याच्या वागण्यावरून तो समजूतदार वाटतो. पण हा धागा इतरही मुली वाचणार आहेत.


रिकामी_ओंजळ

मीही वाचनमात्र. तिशी ओलांडल्यावर नलिका बंद असल्याचं कळलं. कधीही त्रास झालेला नव्हता. एवढंच सांगायला लॉगिन केलं. अबोली, नक्की जा.


सदाफुली

रिकामी_ओंजळ, लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. बोलावंसं वाटलं तर मला व्यक्तिगत निरोप करा, केव्हाही.


अबोली२३

काल त्याच्याशी बोलले. ताईंनी सांगितलं तसंच, माझ्या तपासणीपासून सुरुवात केली. आधी जरा गप्प झाला. मग म्हणाला, आधीच्या नात्यात शेवटी शेवटी ते दोघं कंडोम वापरत नव्हते, आणि ते आठवून त्यालाही मनातून धाकधूक होती, म्हणूनच तो फोटो इतक्या घाईने पाठवला. धागा त्याने पूर्ण वाचला. शनिवारी दोघं जातोय. पॅनेलमध्ये काय काय आहे ते फोनवर विचारलं, नॅट त्यात नव्हती, ती वेगळी सांगितली.

एकच राहिलं. एचपीव्हीची लस मी घेतलेली नाही. २३ व्या वर्षी आणि आधी संबंध आलेले असताना उपयोग आहे का? आणि त्याने घ्यावी का?


सदाफुली

फार बरं वाटलं वाचून.

लस घे. पहिल्या संबंधाच्या आधी, नऊ ते चौदा वयात घेतली तर तिचा फायदा सगळ्यात जास्त, हे खरं. पण आधी संबंध आले म्हणजे लसीतल्या सगळ्या प्रकारांची लागण झालेलीच असते असं नसतं. ज्यांची झालेली नाही त्यांच्यापासून ती आताही वाचवेल. झालेला संसर्ग ती बरा करत नाही. गर्भाशयाच्या मुखाच्या सुमारे ७० टक्के कर्करोगांमागे १६ आणि १८ हे दोन प्रकार असतात आणि दोन्ही लसीत आहेत. त्यालाही घेता येते. पुरुषांत एचपीव्हीमुळे घशाचे, गुदद्वाराचे, लिंगाचे कर्करोग आणि चामखिळी होतात. डोस किती आणि किती अंतराने, ते वयाप्रमाणे डॉक्टर ठरवतील, शनिवारी तिथेच विचारा. लस घेतलीस तरी पुढे गर्भाशयमुखाची नियमित तपासणी चुकवायची नाही, कारण लसीत नसलेले प्रकारही थोडे आहेत.

दोघांचे रिपोर्ट येईपर्यंत आणि ते दोघांनी शेजारी बसून वाचेपर्यंत संबंध ठेवलेत तर कंडोम हवाच. त्यानंतर तो थांबवायचा का, हे तुम्ही एकमेकांशी एकनिष्ठ राहणार का आणि गर्भनिरोधनासाठी दुसरं काय वापरणार, हे ठरवल्यावर बघा. रिपोर्टातलं काही कळलं नाही तर नावं झाकून इथे टाक, मी आणि काचपट्टी दोघंही आहोत.